सत्तेचाळीस टिकल्यांचं सूप

ओटावातल्या परदेशी मदत खात्यात वर्षाचे दोनच सण मनापासून साजरे होतात. एक मार्चअखेर आणि दुसरा फेब्रुवारीतलं चिंतन शिबिर. मार्चअखेरीला पैसे संपवायचे असतात आणि शिबिरात पुढच्या वर्षी ते कशावर संपवायचे हे ठरवायचं असतं. ठरवायची रीतही ऐका. भिंतीवर मोठाले कागद लावायचे, एकेका कागदावर जगाचं एकेक दुःख लिहायचं आणि चाळीस अधिकाऱ्यांना प्रत्येकी पाच चिकट टिकल्या वाटायच्या. ज्या दुःखाला टिकल्या जास्त, ते वर. दहाच्या खाली राहिलं, की ते दुःख कागदासकट गुंडाळून ठेवायचं. हसू नका, ही माणसं चांगली शिकलेली असतात. ओडील कॉर्मिएकडे तर दोन पदव्या होत्या, सव्वीस वर्षांची नोकरी होती, आणि त्या सकाळी ती पाच हिरव्या टिकल्या बोटांना चिकटवून कर्लिंग क्लबच्या हॉलमध्ये उभी होती.

हॉटेल परवडत नाही म्हणून या वर्षी कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, क्लब. काचेपलीकडे बर्फावर चार म्हातारे दगड सरकवत होते आणि दोघं, दगड लांब घसरावा म्हणून, त्याच्यापुढे जिवाच्या आकांताने झाडू मारत होते. अलीकडे कॉल्टन नावाचा एक उत्साही सल्लागार टाळ्या वाजवत होता. त्याला कॅल्गरीच्या कुठल्याशा कंपनीने खास विमानाने पाठवलं होतं, टाळ्या वाजवायला.

"एका कागदावर एका माणसाच्या दोनच टिकल्या हं, मंडळी! आणि मनाचं ऐका!"

ओडीलच्या मनाने केव्हाच सांगितलं होतं. मलावीतल्या सरोवराकाठी सुईणींची एक शाळा होती. वर्षाला चोवीस पोरी तिथून शिकून बाहेर पडत, होडीतून गावोगावी जात आणि बायकांची बाळंतपणं करत. नऊ वर्षांपूर्वी ओडीलने ही शाळा हाती घेतली होती. ती चालवायची तिथली मेट्रन तावोंगा न्यिरेंदा, आणि तिला इथून पैसे मिळवून द्यायची ओडील. खात्यात दरवर्षी प्राधान्य बदलायचं आणि दरवर्षी ओडील शाळेचा अर्ज त्या प्राधान्याच्या मापाने कापायची, शिवायची आणि बसवायची. त्यात तिचा हातखंडा होता. एका वर्षी तर तिने होड्यांवरून ती शाळा 'सागरी वाहतूक' या सदरात घुसवली होती.

या वर्षी मात्र सुईणींना सरळ त्यांच्याच नावाचा कागद मिळाला होता. ओडीलने मोठ्या प्रेमाने दोन टिकल्या लावल्या आणि बाजूला होऊन वाट पाहिली. लोक येत होते, कागद वाचत होते, "वा, फार महत्त्वाचं" म्हणत होते आणि पुढे हवामानावर टिकली लावत होते.

इतक्यात जेवणाचा प्रश्न आला. सरकारी खर्चाने जेवण म्हणजे आधी नोंद हवी: सूप किती, सँडविच किती. कॉल्टनने त्यासाठी दोन कागद लावले, एकावर 'सूप', दुसऱ्यावर 'सँडविच'. तेही इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत, कारण इथे दाराला 'ढकला' लिहायचं तरी दोन्ही भाषांत लिहावं लागतं. आता त्यावर खुणा करायला पेनं हवीत, तर पेनांची पिशवी रात्रभर त्याच्या भाड्याच्या गाडीत राहिलेली. बाहेर उणे अठ्ठावीस. शाई गोठून दगड झालेली. एक पेन त्याने खिशात ऊब देऊन जिवंत ठेवलं होतं, तेही 'सँडविच' लिहिता लिहिता गेलं.

"काही हरकत नाही!" कॉल्टन ओरडला. "उरलेली टिकली लावा!"

मागच्या वर्षीच्या अंड्याच्या सँडविचने अर्धं खातं दोन दिवस घरी बसवलं होतं. त्यामुळे सगळा लोंढा सुपाकडे. वाटाण्याचं दाट सूप, वर डुकराच्या मांसाचे तुकडे. त्याचा वास स्वयंपाकघरातून येतच होता. काहींनी दुसऱ्या वाटीच्या आशेने दोन-दोन टिकल्या लावल्या. ओडीलनेही एक लावली. खोटं कशाला बोला, तिलाही भूक लागली होती.

कॉल्टनने संध्याकाळी भिंतीवरच्या एकूणएक कागदांचे फोटो काढले, सगळ्यांना मिठ्या मारल्या आणि तो विमानतळाकडे पळाला.

दहा दिवसांनी कॅल्गरीहून अहवाल आला. शिबिरात पाऊलही न टाकलेल्या कुणीतरी फोटोतल्या टिकल्या मोजून तो लिहिला होता. पुढील वर्षाच्या विकास मदतीची पाच प्राधान्यं: सूप, हवामान, डिजिटल, भागीदारी, नावीन्य. सूप पहिलं, सत्तेचाळीस टिकल्यांनी.

ओडीलच्या नाकातून कॉफी आली. हसत हसत तिने पान उलटलं आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, बाद झालेले कागद होते. सँडविच, सहा टिकल्या. त्याच्या खाली सुईणी, दोन टिकल्या. तिच्या स्वतःच्याच दोन. तिला इतकं वाईट वाटलं की ती तशीच उठून शेजारच्या खुर्चीकडे गेली.

शेजारी फार्दोसा वार्समे बसायची. सोमाली बाई, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. तिचा जीव शेळ्यांत अडकलेला. दुष्काळी भागातल्या शेळ्यांना लस टोचायचा तिचा एक कार्यक्रम होता आणि शेळ्यांना आजवर कुठल्याही शिबिरात एक टिकली मिळाली नव्हती.

"वाचलंस?" ओडील म्हणाली. "अगं, जेवणाचा कागद मोजलाय त्यांनी!"

"हळू बोल गं बाई." फार्दोसाने इकडेतिकडे पाहिलं. "ते कधीच वर गेलंय. डगलने पाठवलं."

डगल मॅकफी हा दोघींचा साहेब. केप ब्रेटन बेटावरचा, ढगळ स्वेटरातला, भांडण दिसलं की चष्मा पुसायला लागणारा. ओडील तडक त्याच्या खोलीत गेली.

"डगल, तुम्ही सूप वर पाठवलंत?"

"पाठवलं." चष्मा पुसणं सुरू. "मला वाटलं, ते वरून आलंय. मंत्र्यांच्या मनातलं काहीतरी."

"तुम्ही स्वतः त्याच्यावर टिकली लावलीत! मी तुमच्या मागे उभी होते!"

"हो, पण मला काय माहीत बाकीच्यांनी कशासाठी लावल्या?"

याला काय म्हणणार! वर मंत्र्यांच्या कार्यालयात समजूत उलटी होती. त्यांना वाटलं, हे खालून, जाणकारांकडून आलंय. तिथल्या एका तरुण सल्लागार बाईंनी तर लिहून कळवलं, की मंत्रिमहोदयांना कल्पना फारच भावली, प्रथमच काहीतरी समजण्यासारखं आलं. मग अहवाल भाषांतराला गेला, तिथून शैली तपासायला गेला आणि परत आला तेव्हा सुपाचं 'पोषक द्रव आहारातून सक्षमीकरण' झालेलं होतं. आता तर कुणाची हसायचीही हिंमत होईना.

ओडीलला हसण्यापेक्षा दुसरी काळजी होती. शाळेचे पैसे मार्चअखेरीला संपत होते. पाचांपैकी एका प्राधान्यात अर्ज बसला नाही, तर एप्रिलपासून शाळेला कुलूप. अहवाल परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मलावीहून फोन आला.

"ओडील, हो की नाही ते एकदाचं सांग," तावोंगा म्हणाली. तिला नमस्कार-चमत्कार करायला कधी वेळ नसे. "चोवीस पोरी निवडल्यात. अकरा जणींनी कोंबड्या विकून होडीचं भाडं जमवलंय. मी त्यांना काय सांगू?"

"थोडा गोंधळ आहे गं इकडे. या वर्षी प्राधान्य जरा वेगळं आहे."

"दरवर्षीच असतं. या वर्षी काय?"

ओडीलने डोळे मिटले. "सूप."

पलीकडे तावोंगाने आधी जवळच्या कोंबड्यांना हुसकलं.

"सूप म्हणजे, पातळ, गरम, वाटीतून पितात ते?"

"तेच."

"बरं," तावोंगा म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने ओटावाकडून याहून चमत्कारिक गोष्टी ऐकल्या होत्या. "मग आम्ही बाळंतिणीला मक्याची पेज देतो, ते चालेल का?"

ओडील खुर्चीत ताठ झाली. फोन ठेवल्या ठेवल्या तिने अर्ज उघडला आणि 'प्राधान्याशी संबंध' या रकान्यात लिहिलं: बाळंतिणीला पेज द्यायची, तर बाळंतीण जिवंत असावी लागते. ती जिवंत राहायची, तर सुईण लागते. सुईण हवी, तर सुईणींची शाळा लागते. मग तिने ते पुन्हा वाचलं. सव्वीस वर्षांत तिने सरकारी कागदावर इतकं खरं वाक्य लिहिलं नव्हतं आणि ते एका ढळढळीत चुकीवर उभं होतं, म्हणून ती दिवसभर अस्वस्थ राहिली. लहानपणी नन्सच्या हातचे फटके खाल्लेली बाई ती. खोटं तिला सोसायचं नाही.

मार्चच्या मध्यावर नवव्या मजल्यावरून बोलावणं आलं. समितीच्या प्रमुख इमोजेन थ्वेट्स या उपमंत्री नव्हत्या, पण उपमंत्री त्यांना घाबरायचे. आलेला प्रत्येक कागद शेवटच्या पुरवणीपर्यंत वाचायची त्यांना खोड होती आणि या खात्यात तो गुन्ह्याइतकाच दुर्मीळ प्रकार होता. टेबलाभोवती अख्खं शिबिर बसलेलं. बाईंनी फायलींचे पाच गठ्ठे समोर ठेवले होते. चार किडकिडीत, एक गच्च.

"मला एकच सांगा," थ्वेट्स बाई म्हणाल्या. "हे सूप आलं कुठून?"

सगळे टेबलाकडे बघू लागले. डगलने चष्मा काढला. फार्दोसाने टेबलाखालून ओडीलचा हात गच्च दाबला: गप्प बस, बये.

ओडील गप्प बसणार होती, देवाशपथ. चोवीस पोरी, अकरा जणींच्या कोंबड्या, सगळं डोळ्यांपुढे होतं. पण बाईंनी सरळ विचारलं होतं, आणि सरळ प्रश्नाला तिच्या तोंडून वाकडं उत्तर येईना.

"मॅडम, तो जेवणाचा कागद होता," ती उभी राहून म्हणाली. "पेनं गोठली होती, म्हणून टिकल्या लावल्या. एक माझीही आहे."

फार्दोसाने कपाळावर हात मारून घेतला.

"बसा, ओडील," थ्वेट्स बाई म्हणाल्या. "त्यातल्या दोन माझ्या आहेत. सूप चांगलं होतं. मी फक्त बघत होते, या खात्यात कुणी बोलतं का."

खोलीत एकदम चाळीस जणांनी श्वास सोडला.

"आता हे बघा," बाईंनी गच्च गठ्ठ्यावर हात ठेवला. "सुपाखाली एकतीस अर्ज आलेत. बाकी चार प्राधान्यांत मिळून एकोणीस, आणि त्यातले पंधरा फक्त परिषदा भरवायच्या आहेत. मी सगळे वाचले. शाळेतले संडास. यांचं म्हणणं, स्वच्छ हाताने सूप प्यावं. सापाच्या विषावरचं औषध. साप चावलेला माणूस सूप पिऊ शकत नाही. बरोबर आहे, नाही पिऊ शकत. शेळ्यांच्या लसी. 'शेळीचं दूध हे मुळात सूपच होय.' हे कुणाचं?"

"माझं, मॅडम," फार्दोसा म्हणाली. "आणि ते तसंच आहे."

"आणि मधमाश्या. डगल मॅकफी."

सगळ्यांच्या माना वळल्या. डगल कानापर्यंत लाल झाला. "सुपात मध घालतात काही लोक," तो पुटपुटला. "मी होंडुरासला दोन वर्षं काढलीत. त्या पेट्या माझ्या डोक्यातून जात नाहीत."

कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळं टेबल हसायला लागलं. ओडीलही हसली. प्रत्येकाने आपल्या जिवाची गोष्ट, जिला कधी कुणी टिकली लावली नाही ती, गुपचूप त्या सुपात सोडली होती.

"मी मंत्र्यांना जाऊन सांगणार नाही, की देशाचं पहिलं प्राधान्य दुपारचं जेवण होतं," थ्वेट्स बाई म्हणाल्या. "त्यांचं ते भाषणात घालून झालंय. तेव्हा सूप राहील. पण एकतीस अर्जांना पुरेल एवढं नाही. नवांपुरते पैसे निघतील. आत्ता, इथेच. टिकल्या काढणाऱ्याला मी खोलीबाहेर काढीन. तोंडाने बोला."

मग जे झालं, ते त्या नवव्या मजल्याने पूर्वी पाहिलं नव्हतं. लोक बोलले. सक्षमीकरण नाही, भागीदारी नाही. एकजण म्हणाला, तिथे पोरी वयात आल्या की शाळा सोडतात, कारण संडासाला दार नाही. दार हवंय. मधमाश्या मात्र गळाल्या आणि डगलने निमूट चष्मा घातला. दीड तासात आठ अर्ज मंजूर झाले. नवव्या जागेला दोनच उरले, सुईणी आणि शेळ्या.

शेजारी बसलेली फार्दोसा ओडीलची बारा वर्षांची मैत्रीण. ओडीलचा नवरा गेला तेव्हा चाळीस दिवस डबा आणणारी.

"फार्दोसा, आधी तुम्ही," थ्वेट्स बाई म्हणाल्या.

"माझ्या आजीकडे शंभर शेळ्या होत्या," फार्दोसा म्हणाली. "एका साथीत सगळ्या गेल्या. घर बसलं. म्हणून मी मागते, दरवर्षी मागते." ओडीलकडे तिने पाहिलंही नाही. "पण आजीच सांगायची, शेळीला एक हंगाम कुंपणात ठेवता येतं, सांभाळता येतं. कळा सुरू झालेल्या बाईला म्हणता येत नाही, बाई, पुढच्या मार्चपर्यंत थांब. यांना द्या."

ओडीलने बोलायची गरजही उरली नव्हती. थ्वेट्स बाईंनी फाईलवर सही केली.

जिन्यात ओडीलने फार्दोसाला मिठी मारली, तर ती म्हणाली, "सोड, रडू नकोस. पुढच्या वर्षी माझ्या शेळ्यांवर दोन टिकल्या लाव, नाहीतर बघ." तिचे स्वतःचे डोळे भरले होते, पण ते दाखवेल ती फार्दोसा कसली.

ओडीलने जागेवर येऊन लगेच मलावीला फोन लावला. "मिळालं! पोरींना बोलाव!"

तावोंगाने पलीकडे कुणालातरी ओरडून सांगितलं आणि तिकडे बायकांचा एकच कल्ला झाला. तो जरा ओसरल्यावर ओडील म्हणाली, "फक्त एक अट आहे गं. पेज खरोखर द्यावी लागेल. प्रत्येक बाळंतिणीला, तीन दिवस. पैसे त्यातच धरलेत. आणि फोटो पाठवावे लागतील. तुला त्रास पडेल, पण तेवढं सांभाळून घे."

तावोंगाने पलीकडे दार लावून घेतलं.

"हॅलो? अवघड आहे का?"

"ओडील," तावोंगा सावकाश म्हणाली, "त्या दिवशी मी म्हणाले, आम्ही पेज देतो. शाळेच्या खाटेवर बाळंत होणाऱ्या बायकांसाठी मक्याचं पीठ पोरी आपल्या घरून चिमूटचिमूट आणतात. असलं तर देतो. नसलं तर बाई तशीच उपाशीपोटी, बाळ पाठीला बांधून, चालत घरी जाते. दोघी-तिघी वाटेत पडल्या. एक उठली नाही."

"मग हे आधी कधी का नाही मागितलंस?"

"मागितलं की. नऊ वर्षं मागतेय. चौदावी ओळ. बाळंतिणीला तीन दिवस पेज. नऊ वर्षं तू ती खोडतेस."

"मी?"

"लाल पेन्सिलीने. प्रत परत येते ना मला. मी मनात म्हणायचे, तिकडच्या बायका बाळंत झाल्यावर काही खात नसतील."

ती हे रागाने म्हणाली असती, तर बरं झालं असतं. ती हसत म्हणाली, आनंदात होती ती. तिला पोरींना निरोप द्यायचे होते, म्हणून तिने फोन ठेवला.

ओडीलने कपाट उघडलं. नऊ वर्षांच्या नऊ फायली होत्या. प्रत्येकीत चौदावी ओळ होती आणि प्रत्येकीत तिच्यावरून, पट्टी लावून मारलेली, एक सरळ लाल रेघ होती. समासात तिच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं: प्राधान्यात बसत नाही. खाली ओ. कॉ. अशी सही. शाळा वाचवायला म्हणून ओढलेल्या होत्या त्या रेघा. तिला त्या ओढल्याचं आठवतसुद्धा नव्हतं, आणि याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

फार्दोसा कॅन्टीनमधून दोन वाट्या सूप घेऊन आली. "घे, तुझ्या विजयाचं. वाटाण्याचंच आहे." तिने एक घोट घेतला आणि मग ओडीलचं तोंड पाहिलं. "काय गं? मिळालं ना शाळेला?"

"मिळालं."

"मग पी की."

ओडीलने वाटी बाजूला सारली. टेबलावरच्या डब्यातली लाल पेन्सिल उचलून तिने केराच्या टोपलीत टाकली. "तुझ्या शेळ्यांची फाईल आण," ती म्हणाली. "आपण लिहिलेली नको. त्या लोकांनी पहिल्यांदा पाठवलेला कागद आण, आपण हात लावायच्या आधीचा."

"तो बारा वर्षांपूर्वीचा असेल. कुठे ठेवलाय देव जाणे."

"शोधूया. तोवर सूप गार होऊ दे."

फार्दोसाने वाटी खाली ठेवली आणि कपाटाच्या किल्ल्या शोधायला लागली.